गाठवाली

"गाठवाली इथंच राहायची का?"

बाबांनी मानसुद्धा वर केली नाही. पाडवा आठवड्यावर आला होता. कढईत साखरेचा पाक रटरटत होता आणि मी लाकडी साच्यांमधून दोरे बसवत होते. बाबा म्हणाले, "गाठीवालेच आहोत आम्ही. किती किलो देऊ?"

"विकत नकोत. मी त्या बाईंबद्दल विचारतोय. तुळसाबाई."

आता बाबांची पळी थांबली. तुळसा म्हणजे बाबांची आजी, माझी पणजी. तिला जाऊन पन्नास वर्षं होत आली होती. एक अनोळखी, साठीचा, पांढऱ्या शर्टातला माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहून तिचं नाव घेत होता.

"तुम्ही कोण?"

"आगटे. पुण्याहून आलोय."

आगटे हे त्यांचं खरं आडनाव नाही. खरं मी सांगणार नाही. का, ते पुढं कळेलच.

"आणि तिच्याशी तुमचं काय काम?"

"त्यांचं काम नक्की काय होतं, ते हवं होतं."

"काम?" बाबा हसले, पण डोळे हसले नाहीत. "पाक करायचा, साच्यात ओतायचा, पाडव्याला गाठी विकायच्या. आमचं आडनावच त्यावरून गाठे पडलं. अजून काही?"

आगट्यांनी दुकानावरून एकदा नजर फिरवली. छपरापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं पाहिलं. "ही जागा त्यांच्याच नावावर होती ना? सरकारनं दिलेली?"

बाबांनी पळी कढईत टाकली. "पाहुणे, धंद्याची वेळ आहे."

ते निघून गेले. बाबा बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हेमे, हा माणूस जागेसाठी आलाय."

सावरगाव रोड हे आमचं गाव दौंड–मनमाड लायनीवरचं. आमचं दुकान स्टेशनाच्या कुंपणाला लागून. त्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वदला, स्टेशनाबाहेरचा रस्ता रुंद होणार अशी बातमी होती आणि ज्याच्या त्याच्या जागेला कुणी ना कुणी वारस फुटत होता. ही जागा पणजीला सरकारनं दिली, एवढंच आम्हाला माहीत होतं. गाठी विकणाऱ्या बाईला सरकार जागा कशाला देईल, हे मी लहानपणी एकदा बाबांना विचारलं होतं. "साहेबाला गाठी आवडल्या असतील," असं ते म्हणाले होते, आणि मला ते पटलंही होतं. आता पटेना.

दुपारी घरी जेवायला गेले तेव्हा गोदूआत्याला सांगितलं. गोदूआत्या बाबांची थोरली बहीण. सतराव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. पणजीला शेवटपर्यंत तिनंच पाहिलं. ती भाकरी थापत होती.

"आत्या, एक माणूस पणजीची चौकशी करत आला होता. गाठवाली म्हणाला."

"गाठीवाली."

"नाही, गाठवालीच म्हणाला. मी नीट ऐकलं."

आत्याचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. "आडनाव काय म्हणाला?"

"आगटे."

तिनं भाकरी उलटली. काळी पडली होती. ती बाजूला टाकून तिनं दुसरा गोळा घेतला आणि म्हणाली, "त्याला घरी आणू नकोस."

एवढंच. मी पुष्कळ खोदून विचारलं. तिनं ताट वाढलं आणि माझ्यासमोर न बसता परसात निघून गेली. आत्या कधीच असं करत नसे. म्हणजे आडनाव तिला ओळखीचं होतं. बाबांना वाटत होतं तो माणूस चोर आहे. मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की चोरी कदाचित आमच्याच घरात झाली असेल. ही जागा खरोखर आमची आहे का?

दुसऱ्या दिवशी स्टेशनासमोरचा हॉटेलवाला सांगत आला. पुण्याचे पाहुणे त्याच्याकडंच चहा घेत होते, गावातल्या म्हाताऱ्यांना गाठून तुळसाबाईबद्दल विचारत होते, आणि आता मालधक्क्यामागं पावलं टाकत फिरत होते. "जमीन मोजतोय जणू," असं तो म्हणाल्यावर बाबा उठायलाच लागले. त्यांचा राग मला माहीत होता. मी त्यांना बसवलं आणि स्वतः गेले.

मालधक्क्यामागं पडीक जागा होती. बाभळी, गंजलेले रूळ. आगटे मधोमध उभे होते. खांद्याला एक चामडी पिशवी.

"काका, जागा मोजताय का?"

ते दचकले नाहीत. "मोजत नाही. कनात कुठं असेल ते बघतोय."

"कसली कनात?"

"तुला खरंच माहीत नाही?" त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि त्यांच्यावर माझा. "तुझी पणजी काय करायची?"

"साखरेच्या गाठी."

"ते नंतर. आधी ती दुसऱ्या गाठी बघायची."

आणि त्यांनी सांगितलं. प्लेगच्या साथीत इथं प्रत्येक गाडी थांबवत. सगळ्यांना खाली उतरवून रांगेत उभं करत. पुरुषांची तपासणी उघड्यावर होई. बायकांसाठी कापडाची कनात लावलेली असे आणि आत एक बाई बसलेली असे. एकेकीला आत घेऊन ती काखेत, जांघेत हात घालून गाठ आहे का बघायची. गाठ लागली की त्या बाईला गाडीत परत चढू देत नसत. थेट रोग्यांच्या छपरात.

"त्या बाईला लोक गाठवाली म्हणत," ते म्हणाले. "सरकारच्या पगारावर होती. लोक तिच्या सावलीलाही उभे राहत नसत. गाठ म्हणजे साखरेची नव्हे, मुली. मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटत होतं. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी उलगडा केला तेव्हा कळलं."

आमच्या घरात दर पाडव्याला पणजीच्या फोटोला पहिली गाठ घालत.

"तुमचा काय संबंध?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"माझी आजी. उमाबाई. तिला तुझ्या पणजीनं इथं उतरवलं. आजी मरेपर्यंत एवढंच एक वाक्य बोलायची. 'मला सावरगावच्या गाठवालीनं उतरवलं.' पुढं विचारलं की गप्प." ते एका रुळावर बसले. "ती सासूबरोबर, दिराबरोबर काशीला निघाली होती. नवरा प्लेगनं गेला होता आणि ती गरोदर होती. ही उतरली, गाडी निघून गेली. छपरात राहून आलेल्या सुनेला सासरच्यांनी मग घरात घेतलं नाही. माझे वडील या गावातच कुठंतरी जन्मले, आणि पुण्यात लोकांकडं स्वयंपाक करून तिनं त्यांना वाढवलं. आणि गाठ? गाठ असती तर ती जगली असती का? आजी नव्वदीपर्यंत जगली. गाठ नव्हतीच तिला! तुझ्या पणजीच्या एका चुकीनं आमचं घर उठलं."

"मग आता काय हवंय तुम्हाला? जागा?"

"जागा?" त्यांना हसू आलं, ते कडवट होतं. "आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापताहेत. सगळ्या शाखा, सगळी नावं, मूळपुरुषापासून. माझ्या वडिलांचं नाव त्यात घेत नाहीत. समितीवरचे लोक म्हणतात, उमाबाई वाटेत पळून गेली, तिचा मुलगा आमचा कशावरून. प्लेगमध्ये उतरवलं म्हटलं तर म्हणतात, पुरावा आणा. तेव्हा कुणीतरी सांगायला हवं की इथं अशी बाई होती आणि तिनं आजीला उतरवलं. बस. दुसरं काही नको मला."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. खोटं बोलत असतील तर फार चांगलं बोलत होते.

"चला घरी," मी म्हणाले. आत्यानं नको म्हटलं होतं, हे माझ्या ध्यानात होतं. पण आता मला आत्याचा चेहरा बघायचा होता.

आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. आमच्यामागून बाबाही आले. हॉटेलवाल्यानं त्यांना सांगितलंच असणार. आगट्यांनी नमस्कार केला. आत्यानं सूप खाली ठेवलं, पदर नीट केला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आपण आणायला नको होतं.

"बसा," ती म्हणाली. "उमाबाईंचे कोण तुम्ही?"

त्यांनी नाव सांगण्याआधीच तिनं ते उच्चारलं होतं. आगटे टेकता टेकता थांबले. "नातू. आत्याबाई, म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"आजी सांगायची."

त्यांनी पिशवीतून एक छोटा टेपरेकॉर्डर काढला. चालेल का, असं विचारलं. बाबा पुढं झाले. "काही चालणार नाही! आक्के, तू बोलू नकोस. ह्याच्या मनात काय आहे कुणास ठाऊक."

"शंकर, बस खाली," आत्या म्हणाली. तिनं आगट्यांना विचारलं, "आधी मला सांगा, हे ऐकणार कोण?"

त्यांनी कुलवृत्तांताचं सगळं सांगितलं. आत्या लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "म्हणजे तुमच्या वडिलांचं नाव त्या पुस्तकात येण्यासाठी काय लागतं?"

"आजी पळून गेली नाही, तिला उतरवलं, हे. आणि…" ते अडखळले. "आजोबा कधी वारले ते कुणी नक्की सांगत नाही. वडिलांचा जन्म आणि ते… म्हणजे तेवढंच."

आत्यानं बोटानं यंत्राकडं दाखवलं. "लावा."

टेप फिरायला लागली आणि आत्या बोलायला लागली. एवढ्या सरळ, शाळेत धडा म्हणावा तशा आवाजात ती कधी बोलत नसे.

"माझी आजी तुळसाबाई इथल्या स्टेशनावर प्लेगच्या तपासणीला होती. बायकांच्या गाठी बघायची. लोक तिला गाठवाली म्हणत. काम संपल्यावर सरकारनं तिला दुकानाची जागा दिली. उमाबाई आगटे नावाची एक बाई तिनं गाडीतून उतरवली. गाठ आहे म्हणाली. गाठ नव्हती. आजीची चूक झाली. ती शिकलेली नव्हती, आणि दिवसभर बायका तपासून तिला माणसाची किंमत राहिली नव्हती. उमाबाई रडत होत्या, दीर हातापाया पडत होता. आजीनं ऐकलं नाही."

"आक्के!" बाबा ओरडले.

ती थांबली नाही. "उमाबाईंचा नवरा प्लेगनं जाऊन पंधराच दिवस झाले होते. त्यांना तिसरा महिना होता. हे त्यांनी स्वतः आजीला सांगितलं."

आगट्यांनी एकदम वर पाहिलं. "पंधरा? नक्की?"

"नक्की."

मला तिथंच शंका आली. आत्याला मागच्या आठवड्यात काय केलं ते आठवत नसे. नव्वद वर्षांपूर्वीच्या, तिच्या जन्माआधीच्या एका परक्या माणसाच्या मरणाचे दिवस तिला कसे नक्की माहीत? ती खोटं बोलत होती. पण खोटं बोलून माणूस आपल्या आजीला वाचवतो. हिनं तर तिला खड्ड्यात घातलं होतं.

आगट्यांनी टेप बंद केली. बराच वेळ त्यांची बोटं त्या बटणावरच होती. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आता हे बंद आहे. अजून काही आहे का, आत्याबाई? मला माहीत नसलेलं?"

"नाही."

"असेल तरी चालेल."

"नाही म्हटलं ना."

ते उठले. उंबऱ्यापाशी चपला घालताना थांबले. "एक सांगू? माझी आजी तुमच्या आजीला कधी शिव्या द्यायची नाही. मला त्याचंच नवल वाटायचं." उत्तराची वाट त्यांनी पाहिली. आत्यानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं. ते गेले.

बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "जगासमोर आपल्या आजीला कसाई ठरवलंस तू," ते म्हणाले. "त्या परक्या माणसासाठी." बाबा दुकानात गेले. त्यानंतर कित्येक महिने ते तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हते. काही हवं असेल तर मला सांगत.

मी आत्यासमोर बसले. "खरं काय आहे?"

"सांगितलं की."

"पंधरा दिवस हे खोटं आहे."

ती तांदळातले खडे वेचत राहिली. "तू शंकरला सांगशील."

"नाही."

"त्याच्या पोटात राहायचं नाही. आणि रागाच्या भरात तो पुण्याला पत्र लिहून मोकळा होईल."

"नाही सांगणार."

तिनं दाराकडं पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं.

"तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती," आत्या म्हणाली.

मला समजायला एक क्षण लागला.

"कुणाचं ते आजीनं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. घरच्यांना कळलं होतं. काशीला नेतो म्हणून घेऊन निघाले. रात्री गाडीत त्यांना वाटलं ही झोपलीय. सासू दिराला म्हणाली, येताना आपण दोघंच असू. ती जागी होती. पण करणार काय? दोघं दोन्ही बाजूंना बसलेली. पाणी प्यायलासुद्धा एकटी सोडत नव्हती. इथं गाडी थांबली आणि बायकांना एकेक करून कनातीत घ्यायला लागले. तिथं मात्र सासूला बरोबर येता येईना. आत आजी आणि ती, दोघीच. आजीनं काखेत हात घातला आणि तिनं आजीचा हात तिथंच धरून ठेवला. म्हणाली, बाई, गाठ आहे म्हणा."

आत्याचा आवाज आता नेहमीचा झाला होता.

"आजी म्हणाली, अगं, छपरात टाकतील. तिथं गेलेली दहातली एखादी परत येते. ती म्हणाली, एखादी तरी येते ना."

"मग?"

"मग आजी बाहेर येऊन म्हणाली, गाठ आहे. डॉक्टर पुरुष, तो बाईच्या अंगाला हात लावणार थोडाच? गाठवाली म्हणेल ती गाठ. साहेबानं रांगेत विचारलं, हिच्याबरोबर कोण आहे? बरोबरच्यांनाही ठेवून घेत ना. दीर समोर उभा होता. तो म्हणाला, कुणास ठाऊक, ही बाई आमची नाही. आजीला तेच हवं होतं. सासूनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, गाडीत जाऊन बसली."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आत्या ती दूर जाईपर्यंत थांबली.

"आजीनं तिला छपराच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला जागा दिली. घरचं पाणी, घरची भाकरी नेऊन द्यायची. तरी रोज सकाळी जाताना आजीच्या मनात यायचं, ही मेली असेल तर आपणच मारली. पण जगली ती. सुटल्यावर आपल्याकडंच राहिली, बाळंत होऊन काही महिने झाले तोवर. मग पुण्याला गेली."

"आणि तू ते…"

"मी विधवा होऊन आले ना, तेव्हा वर्षभरात सासरचे न्यायला आले. काशीला नेतो म्हणाले. दादा, म्हणजे तुझे आजोबा, पाठवायला तयार होते. आजीनं मला जवळ घेऊन हे सगळं सांगितलं आणि दारात जाऊन त्यांना म्हणाली, पोरगी जायची नाही. तिनं माझ्याकडून एकच वचन घेतलं. उमाचं कुणाला कळता कामा नये. ती तिकडं चांगल्या घरांत सोवळ्यात स्वयंपाक करत होती. कळलं असतं तर त्या पोराला घेऊन ती कुठं गेली असती?"

"पण आता तर ती नाही. पणजी नाही. आगट्यांना खरं कळायला नको? ते साठ वर्षांचे आहेत, आत्या. ते म्हणाले ना, असेल तरी चालेल."

"चालेल म्हणतात. चालत नाही." ती उठली. "त्याला वडिलांचं नाव लावून हवंय. मी कोण त्याच्या वडिलांचं नाव काढून घेणारी?"

"आणि पणजीचं नाव? गावात उद्या कळेल. बाबांची काय अवस्था झालीय बघितलीस का?"

"आजीला सवय होती," आत्या म्हणाली. "प्लेगचं काम सुटल्यावर तिच्या हातचं कुणी पाणी घेईना. गाठवाली हे नाव काही केल्या पुसेना. तेव्हा म्हणाली, बरं, गाठवाली म्हणता ना, मग गाठीच घ्या विकत. पहिले काही पाडवे सगळा माल घरातच पडून राहिला होता."

मी दिलेला शब्द पाळला. बाबा आठ वर्षांनी गेले. पणजीच्या फोटोला गाठ घालणं त्यांनी त्याच पाडव्याला बंद केलं होतं, आणि दर वर्षी तो दिवस आला की मला तोंड उघडावंसं वाटायचं. आत्या नुसती माझ्याकडं पाहायची. आज आत्या नाही, आगटेही नाहीत. म्हणून तर इतकं तरी सांगते आहे.

कुलवृत्तांत त्या भेटीनंतर दीड वर्षानं टपालानं आला. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, आत आगट्यांच्या सहीचा कागद: 'सादर भेट.' बाबा दुकानात होते. आत्याला मोतीबिंदूनं वाचता येत नव्हतं. मी तिच्या खाटेजवळ बसून पान शोधलं.

"आलंय?"

"आलंय."

"वाच."

मी वाचायला लागले. "'कै. उमाबाई या पतिनिधनानंतर पंधरा दिवसांनी काशीयात्रेस निघाल्या असता, सावरगाव रोड येथे तपासणीस असलेल्या एका अडाणी व निर्दय स्त्रीने…'" मला पुढं वाचवेना.

"थांबलीस का?"

"आत्या, निर्दय लिहिलंय."

"कळलं. पुढं वाच. मुलगा झाला ते वाच."

"'त्याच गावी त्यांस पुत्र झाला.' नाव आहे. त्यापुढं वडिलांचं नाव आहे. आडनाव आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

आत्यानं हात पुढं केला. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तिनं ते कागदावरून सावकाश फिरवलं, जणू अक्षरं हाताला लागत होती.

"माजघरात झाला तो," ती म्हणाली. "आजीनंच नाळ कापली."